छोट्या व्यवसायासाठी सामायिक फाइल साठवण : काय घ्यावं, काय टाळावं

माझ्या धाकट्या भावाचं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळेच्या प्रश्नपत्रिका, मदरशांची पावतीपुस्तकं, निवडणूक आली की हँडबिलं. उर्दूचं काम इनपेजमध्ये, मराठीचं आणि डिझाइनचं कोरलड्रॉमध्ये. चार कॉम्प्युटर, पण सगळ्या फाइली एकाच कॉम्प्युटरच्या ‘डी’ ड्राइव्हमध्ये. बाकीचे तिघे तिथूनच उघडायचे. लग्नसराईच्या ऐन दिवसांत एका सकाळी त्या कॉम्प्युटरमधून टक-टक आवाज आला आणि ‘डी’ ड्राइव्ह दिसेनासा झाला. भावाचा फोन आला, “आपा, नऊ वर्षांचं काम गेलं. आज अकरा पत्रिका द्यायच्या आहेत.”

अकरापैकी सात पत्रिका रात्री जागून नव्याने बसवल्या. चार घरच्या लोकांना हात जोडून दोन दिवस मागून घेतले. डेटा काढून देणाऱ्याने निम्म्या फाइली दिल्या, त्यातल्याही बऱ्याच उघडल्या नाहीत. पैशाचं नुकसान भरून निघालं. पण दरवर्षी येणारी दोन जुनी गिऱ्हाईकं तुटली, ती परत आली नाहीत.

त्यानंतर नवीन व्यवस्था काय करायची याचा शोध मीच घेतला, कारण शाळेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरची कामं माझ्याकडेच असतात. आपल्याकडे बऱ्याच घरांचे छोटे धंदे आहेत. कुणाचं टूर्सचं ऑफिस, कुणाची पॉवरलूमची पेढी, कुणाचा कर सल्ला, कुणाचं क्लिनिक. सगळ्यांचा प्रश्न थोड्याफार फरकाने हाच. म्हणून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते.

सामायिक साठवण म्हणजे काय?

शाळेच्या स्टाफरूममध्ये एक मोठं कपाट असतं. हजेरीपटं, निकालपत्रकं सगळी त्यात. किल्ली मुख्याध्यापकांकडे, पण ज्याचं काम आहे त्याला त्याचा कप्पा उघडता येतो. कागद एकाच जागी असल्यामुळे कुठली प्रत खरी हा वाद होत नाही. फाइलींची सामायिक साठवण म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कवरचं असंच कपाट. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर ते एका ड्राइव्हसारखं दिसतं, पण फाइली प्रत्यक्षात एकाच ठिकाणी असतात.

असं कपाट नसेल तर काय होतं ते आपण रोज पाहतो. पेनड्राइव्ह फिरते, व्हॉट्सअपवर फाइल जाते आणि चार कॉम्प्युटरवर ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘नया फायनल’ अशा चार फाइली तयार होतात. छापायला जाते ती नेमकी चुकीची.

खरेदीआधी चार प्रश्न

दुकानात जाण्याआधी कागद घेऊन ही चार उत्तरं लिहा.

१. एकाच वेळी किती जण फाइली उघडतील? दोन-तीन, दहा की वीस?

२. आज डेटा किती आहे आणि वर्षाला किती वाढतो? स्कॅन केलेलं एक पान साधारण ३०० केबीचं धरा. अशी एक लाख पानं म्हणजे फक्त ३० जीबी. म्हणजे कर सल्लागाराच्या ऑफिसला फार मोठी डिस्क लागत नाही. पण लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणाऱ्याच्या एकाच कार्यक्रमाला शंभर-दोनशे जीबी सहज लागतात. आजच्या डेटाच्या तिप्पट जागा घेतली तर काही वर्षं पुन्हा बघावं लागत नाही.

३. एक-एक फाइल केवढी आहे? इंटरनेटवर ठेवायचं की ऑफिसात, हे यावरच ठरतं.

४. किती वेळाचं काम गेलं तर चालेल? एक दिवसाचं काम पुन्हा करता येईल, की एका तासाचंही नाही? आणि सगळं बंद पडलं तर किती वेळात परत सुरू व्हायला हवं? भावाने या प्रश्नाचा विचारच कधी केला नव्हता.

पर्याय पहिला : एका कॉम्प्युटरचा फोल्डर शेअर करणं

यात खर्च काही नाही, म्हणून निम्म्या दुकानांत हेच असतं. दोन-तीन माणसांसाठी ते चालतंही. पण त्या कॉम्प्युटरवर बसणारा मुलगा घरी जाताना तो बंद करून गेला की सगळ्यांचं काम थांबतं. त्याच कॉम्प्युटरवर गाणी, गेम, कुठूनतरी आलेले ईमेल उघडले जातात, आणि व्हायरस आला की पहिला तिथेच येतो. घरगुती किंवा प्रो विंडोजवर एकाच वेळी जास्तीत जास्त २० जोडण्यांची मर्यादा आहे. डिस्क एकच असते. ती गेली की भावाचं झालं तेच होतं.

पर्याय दुसरा : राउटरच्या मागे हार्ड डिस्क

बऱ्याच राउटरला यूएसबीचं तोंड असतं. तिथे बाहेरची डिस्क लावली की ती सगळ्यांना दिसते. घरातले फोटो बघायला ठीक आहे, धंद्यासाठी नको. वेग कमी मिळतो, कोणाला काय दिसावं हे नीट ठरवता येत नाही, आणि डिस्क इथेही एकच. शिवाय असे जुने राउटर एसएमबी या फाइल देवाणघेवाणीच्या पद्धतीची पहिली, जुनी आवृत्ती वापरतात. ती असुरक्षित असल्याने विंडोजने २०१७ पासून नवीन इन्स्टॉलेशनमध्ये देणं बंद केलं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत पासवर्डशिवाय ‘गेस्ट’ म्हणून शिरणंही प्रो विंडोजवर बंद आहे. नवीन कॉम्प्युटर घेतल्यावर “जुना शेअर दिसतच नाही” अशी तक्रार येते, तिचं कारण बहुधा हेच असतं. कुणी येऊन जुनी आवृत्ती पुन्हा चालू करून देतो म्हणाला तर नको म्हणा.

पर्याय तिसरा : क्लाउड

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह यांसारख्या सेवेत फाइली कंपनीच्या सर्व्हरवर असतात. आपण दरमहा किंवा दरवर्षी भाडं भरतो. ऑफिसात पेटी नाही, डिस्क बदलणं नाही, घरून किंवा गावाहूनही काम करता येतं. टूर्सचं ऑफिस, जिथे फाइली म्हणजे पासपोर्टचे स्कॅन, तिकिटं आणि याद्या, आणि माणसं वेगवेगळ्या शहरांत, तिथे हा पर्याय सगळ्यात सोयीचा.

अडचण मोठ्या फाइलींची. हिशोब करून बघा. २०० एमबीची फाइल आहे आणि इंटरनेटचा अपलोडचा वेग सेकंदाला २० मेगाबिट आहे. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे १६०० मेगाबिट पाठवायचे, लागणार ८० सेकंद. हीच फाइल ऑफिसातल्या गिगाबिट केबलवरून दोन सेकंदांत जाते. एक-दोन फाइलींना ८० सेकंद थांबता येतं, दिवसाला साठ फाइलींना नाही. ५०० जीबीचा जुना डेटा पहिल्यांदा वर चढवायचा तर याच वेगाने सलग ५५ तासांपेक्षा जास्त लागतील. इंटरनेट प्लॅन विचारताना लोक फक्त डाउनलोडचा वेग विचारतात. अपलोडचा वेगळा विचारा.

आणखी दोन गोष्टी. फुकटच्या खात्यात धंद्याचा डेटा ठेवू नका. जागा कमी असते, आणि खातं एका माणसाच्या नावावर असतं. तो नोकरी सोडून गेला की डेटाही त्याच्याबरोबर जातो. धंद्याच्या प्लॅनमध्ये खाती मालकाच्या हातात राहतात. दुसरं म्हणजे सिंक हा बॅकअप नव्हे. एका कॉम्प्युटरवर फाइल पुसली की ती क्लाउडवरून आणि बाकी सगळ्या कॉम्प्युटरवरूनही पुसली जाते. कचरापेटीतून ती ठरावीक दिवसच परत आणता येते.

पर्याय चौथा : नॅस

नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेली, फक्त साठवणुकीसाठी बनवलेली छोटी पेटी. तिला पडदा नाही, की-बोर्ड नाही. आत दोन, चार किंवा जास्त हार्ड डिस्कचे खण असतात. सिनॉलॉजी, क्यूनॅप, असुस्टोर या कंपन्यांच्या पेट्या आपल्याकडे मिळतात. ब्राउझरमधून तिची सेटिंग करता येते. वीज कमी खाते, दिवसरात्र चालू राहते. ज्याला तांत्रिक माहिती आहे तो जुन्या कॉम्प्युटरवर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट हे फुकटचे सॉफ्टवेअर घालून स्वतःही असं यंत्र बनवू शकतो. पण ते बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार, हे आधी ठरवा. भाचा इंजिनिअरिंगला आहे म्हणून त्याच्या भरवशावर धंदा ठेवू नका. तो उद्या पुण्याला किंवा दुबईला जाईल.

चार ते पंधरा माणसं आणि मोठ्या फाइली असतील तर नॅस हाच मधला मार्ग. भावाने हेच घेतलं.

नॅस घेताना काय बघावं

*रेड.* दोन किंवा जास्त डिस्क मिळून काम करण्याच्या पद्धतीला रेड म्हणतात. रेड-१ मध्ये दोन डिस्कवर तेच-तेच लिहिलं जातं. ४ टीबीच्या दोन डिस्क लावल्या तर जागा ४ टीबीच मिळते, पण एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं. रेड-५ ला किमान तीन डिस्क लागतात. ४ टीबीच्या चार लावल्या तर १२ टीबी मिळतात आणि एक डिस्क गेलेली चालते. रेड-६ मध्ये त्याच चारांत ८ टीबी मिळतात, पण दोन गेलेल्या चालतात. रेड-० मध्ये जागा पूर्ण मिळते, मात्र एक जरी गेली तरी सगळं जातं. धंद्यासाठी ते नकोच. छोट्या दुकानाला दोन डिस्क आणि रेड-१ पुरेसं.

*डिस्क.* पेटी बहुतेक वेळा रिकामीच येते, डिस्क वेगळ्या घ्याव्या लागतात. साध्या कॉम्प्युटरची डिस्क लावू नका, नॅससाठी बनवलेली घ्या. डबड्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात ‘सीएमआर’ लिहिलेलं असावं. ‘एसएमआर’ प्रकारात पट्टे एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात. त्यामुळे मेलेली डिस्क बदलल्यावर नवीवर डेटा भरायला फार वेळ लागतो. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही एसएमआर निघाल्या होत्या, २०२० मध्ये त्यावर बराच गदारोळ झाला. म्हणून मॉडेल नंबर तपासूनच घ्या.

*जागेचा आकडा.* ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ दाखवते. दुकानदाराने फसवलं नाही. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

*केबल आणि स्विच.* नॅस कितीही चांगली असो, मधला स्विच जुना १०० मेगाबिटचा असेल तर सेकंदाला ११-१२ एमबीच मिळतील. गिगाबिट स्विच आणि कॅट-५ई किंवा कॅट-६ केबल असेल तर ११० एमबीच्या आसपास मिळतात. मोठ्या फाइलींवर काम करणारे कॉम्प्युटर वायफायवर ठेवू नका, केबल ओढा. भावाकडे नुसता स्विच बदलल्यावर कामगारांनी विचारलं, नवीन कॉम्प्युटर घेतले का?

*यूपीएस.* आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइल खराब होऊ शकते. यूपीएस असा घ्या की तो यूएसबी केबलने नॅसला “बॅटरी संपत आली” असं कळवेल. मग नॅस स्वतःहून नीट बंद होते.

*कोटेशन.* दुकानदाराकडून लेखी घ्या. पेटी, डिस्क, यूपीएस, स्विच, केबल, बसवण्याची मजुरी, बॅकअपची बाहेरची डिस्क आणि प्रत्येकाची वॉरंटी, हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं असावं. फक्त पेटीची किंमत ऐकून होकार दिला की शेवटी बजेट बिघडतं, आणि मग नेमकी बॅकअपची डिस्कच वगळली जाते.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे

हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी लेख वाचल्याचं सार्थक झालं. रेड फक्त डिस्क मरण्यापासून वाचवतं. चुकून फाइल पुसली तर ती दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. आग लागली, पाणी शिरलं, चोरी झाली, पेटीच जळाली, तर रेड काही करू शकत नाही. पेटी बिघडली तर डिस्क काढून साध्या विंडोज कॉम्प्युटरला लावल्यावर बहुधा वाचताही येत नाही, कारण आतली मांडणी वेगळी असते.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. नेटवर्कवरची फाइल डिलीट केली की ती विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, सरळ जाते. नॅसमध्ये स्वतःची कचरापेटी असते, ती पहिल्याच दिवशी चालू करून घ्या.

मोठी भीती खंडणीच्या व्हायरसची. तो फाइलींना कुलूप लावतो आणि पैसे मागतो. एका कॉम्प्युटरवर शिरला तरी त्या कॉम्प्युटरला लिहिण्याची परवानगी असलेले सगळे नेटवर्क फोल्डर तो कुलूपबंद करतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला, तो एसएमबीच्या त्याच जुन्या पहिल्या आवृत्तीतल्या दोषातून. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा उपाय दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं ते सापडले. नॅसही सुटलेल्या नाहीत. २०१४ मध्ये सिनॉलॉजीच्या आणि २०२२ मध्ये क्यूनॅपच्या, इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या पेट्यांवर असे हल्ले झाले. म्हणून “घरून बघता यावं” यासाठी राउटरचं दार उघडं करून देणाऱ्या तंत्रज्ञाला थांबवा. बाहेरून बघायचंच असेल तर व्हीपीएन वापरा. नॅसचे अपडेट चुकवू नका.

उपाय जुना आणि साधा आहे, ३-२-१. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. भावाची व्यवस्था अशी : मूळ फाइली नॅसवर. रोज रात्री बाहेरच्या यूएसबी डिस्कवर बॅकअप. अशा दोन डिस्क आहेत. एक दुकानात, दुसरी घरी अम्मीच्या कपाटात. दर आठवड्याला अदलाबदल होते. घरची डिस्क कशालाच जोडलेली नसते, म्हणून व्हायरस तिथे पोचू शकत नाही. याशिवाय नॅसमध्ये ‘स्नॅपशॉट’ची सोय असेल तर ती चालू करावी. त्यात फोल्डरची दर काही तासांची स्थिती जपली जाते आणि कालची फाइल दोन मिनिटांत परत येते. पेटी घेण्याआधी त्या मॉडेलमध्ये ही सोय आहे का ते विचारा, स्वस्त मॉडेलमध्ये कधी नसते.

कोणाला काय दिसावं

सगळ्यांना एकच पासवर्ड ही सगळ्यात मोठी चूक. प्रत्येक माणसाचं वेगळं नाव आणि पासवर्ड ठेवा. भावाकडे तीन फोल्डर आहेत. ‘काम’ यात सगळे लिहू शकतात. ‘जुनं काम’ यातून सगळे वाचू शकतात, बदल फक्त दोघे करू शकतात. ‘हिशेब’ फक्त भाऊ आणि वहिनी उघडतात. नोकरी सोडून कुणी गेला की त्याच दिवशी त्याचं खातं बंद होतं.

लोकांची कागदपत्रं ठेवणाऱ्यांनी इथे जास्त सावध राहावं. पासपोर्ट, आधार, रिपोर्ट ही गिऱ्हाईकाची अमानत आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अशी माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती ठेवणाऱ्यावर टाकली आहे आणि दंडाची तरतूदही मोठी आहे. काम संपलं की ठेवायची गरज नसलेले स्कॅन पुसून टाका. जे नाहीच ते चोरीला जात नाही.

हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि जुनी कागदपत्रं

टॅलीसारख्या सॉफ्टवेअरचा डेटा हा वर्डच्या फाइलीसारखा नसतो. अनेक जण एकाच वेळी त्यात लिहितात. तो गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवून दोन ठिकाणांहून उघडला तर खराब होऊ शकतो. एकापेक्षा जास्त कॉम्प्युटरवर टॅली चालवायची तर त्यासाठीचा वेगळा परवाना लागतो. डेटा कुठे ठेवायचा हे टॅली बसवणाऱ्याला विचारूनच ठरवा, आणि टॅलीचा स्वतःचा बॅकअप वेगळा घ्या.

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाचं वार्षिक विवरण भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणजे सहा वर्षं. बॅकअपचं नियोजन करताना हा काळ धरून चला.

उर्दू-मराठी काम करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. फाइलीबरोबर फाँटही जपा. फाइल उघडली पण फाँट नाही, तर सगळा मजकूर विस्कटतो. ज्या आवृत्तीत काम केलं तिचं इन्स्टॉलेशन आणि परवाना यांचीही नोंद ठेवा. फाइलीचं नाव तारखेपासून सुरू करा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे यादी आपोआप ओळीने लागते. फोल्डरात फोल्डर फार करू नका. पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की विंडोजवरचे बरेच प्रोग्रॅम फाइल उघडत नाहीत.

थोडक्यात

- एक-दोन माणसं, लहान फाइली : क्लाउडचा पैसे भरून घेतलेला प्लॅन, आणि महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर प्रत.
- माणसं वेगवेगळ्या गावांत : क्लाउडच.
- चार ते पंधरा माणसं एकाच जागी, मोठ्या फाइली : दोन डिस्कची नॅस, गिगाबिट स्विच, यूपीएस, दोन बॅकअप डिस्क.
- यापेक्षा मोठं काम, किंवा एक तासही बंद चालणार नाही : सर्व्हर आणि लेखी देखभाल करार करणारा माणूस.
- पैसे कमी असतील तर नॅस पुढच्या वर्षी घ्या, पण बॅकअपची डिस्क आजच घ्या.

शेवटची गोष्ट. बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही, तो उघडतो का हे बघावं लागतं. दर महिन्याच्या पहिल्या जुम्याला, नमाजला दुकान बंद करण्याआधी, भाऊ बॅकअपच्या डिस्कवरून कुठलीही एक जुनी पत्रिका काढून उघडून बघतो. पाच मिनिटं लागतात. मागच्या पावसाळ्यात नॅसमधली एक डिस्क खरंच मेली. लाल दिवा लागला, भावाने नवीन डिस्क आणून लावली आणि संध्याकाळपर्यंत काम नेहमीसारखं चालू होतं. रात्री जेवताना त्याने सहज सांगितलं, “आपा, आज एक डिस्क गेली.” आणि पुढे भाजी वाढून घेतली.